अ‍ॅडजस्टेबल टो लिंक घरी बनवायची, तर लेथ कोणाचा? साकीनाक्यातील एका गाळ्याचे परीक्षण

स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचे कमी-जास्त करता येणारे भाग स्वतः आराखडा काढून बनवायचे ठरवले, तर त्यासाठी लागणारे बहुतेक कसब आणि सामान मुंबईत लोकलच्या किंवा मेट्रोच्या अंतरावर मिळते. अवघड असते ते चाकाची दिशा ठरवणारा तुकडा, म्हणजे टो लिंक, कोणाच्या हाती सोपवायचा, हे ठरवणे. हे परीक्षण साकीनाका मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असलेल्या, एका औद्योगिक वसाहतीतील लहानशा गाळ्याच्या जॉबवर्कचे आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक हातप्रेस आणि भिंतीवर नीट मांडलेली मापनाची हत्यारे एवढाच त्यांचा पसारा आहे. जाहिरातीपासून ते लांब राहू इच्छितात, म्हणून नाव देत नाही; पण अशा गाळ्याची पारख कशी करावी आणि त्याच्याकडून काय करून घ्यावे, हे नावाशिवायही सांगता येते. माझे मत आधीच नोंदवतो: काटेकोर मापाच्या, वेल्डिंग नसलेल्या भागांसाठी हा गाळा उत्तम आहे आणि त्याचे सर्वांत मोठे कौशल्य म्हणजे काय करायचे नाही हे त्यांना ठामपणे कळते.

गाडी आहे पॉर्शची 987 पिढीची केमन. इंजिन मध्यभागी आणि चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. रस्त्यासाठी ही रचना उत्कृष्टच आहे. पण ट्रॅकवर लांब वळणात टायरची बाहेरची कड झिजू लागते, कारण अशा वळणात चाकाचा माथा जितका आत झुकलेला हवा तितका कारखान्याने दिलेल्या समायोजनात झुकत नाही. मागे खालच्या आर्मचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की जोडाची जागा थोडी सरकवणारा) फिरवून थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतला झुकाव, वाढवता येतो, गाडी खाली बसवली की तो आणखी वाढतो. मात्र त्याबरोबर टोचे माप (वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलेले आहे ते) सरकते आणि ते परत आणायला मूळ टो लिंकच्या एक्सेंट्रिक बोल्टमध्ये वाव उरत नाही. शिवाय एक्सेंट्रिक बोल्ट केवळ घर्षणाच्या जोरावर जागेवर राहतो, त्यामुळे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून चाक जोरात गेले की त्याची जागा हलू शकते. मागच्या चाकांचा टो अचानक बदलला, तर मध्यभागी इंजिन असलेली गाडी ब्रेक लावताना कशी वागेल, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. म्हणून लांबी बदलता येणारी टो लिंक आणि तिच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिकची जागा घेणारी लॉकिंग प्लेट, असा जोड करायचा होता.

आराखडा साधा आहे. षट्कोनी पोलादी दांड्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे आटे आणि दोन्हीकडे रॉड एंड, म्हणजे गोलाकार बेअरिंग असलेले जोड. गाडीला बसलेल्या स्थितीतच दांडा पान्याने फिरवला की लिंक लांब किंवा आखूड होते. एम 14 (14 मिलिमीटर व्यास) च्या दीड मिलिमीटर पिचच्या (लगतच्या आट्यांमधील अंतर) आट्यांवर एक पूर्ण फेरा म्हणजे तीन मिलिमीटर, आणि षट्कोनाची एक बाजू म्हणजे अर्धा मिलिमीटर. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षापासून लिंकच्या जोडापर्यंतचे अंतर 130 मिलिमीटर धरले, तर अर्ध्या मिलिमीटरने त्या चाकाचा टो सुमारे 13 मिनिटांनी (60 मिनिटे म्हणजे एक अंश) बदलतो. ट्रॅकसाठी आपण एका चाकाला दहा मिनिटांच्या आसपास टो-इन (चाकाची पुढची कड आत) ठेवतो, तेव्हा हे पाऊल मोठेच आहे आणि पाव-अर्धी बाजू फिरवून थांबावे लागते. गाळ्याच्या मालकांनी दोन्ही टोकांना उजवेच, पण वेगवेगळ्या पिचचे आटे ठेवून समायोजन अधिक सूक्ष्म करण्याचा पर्याय सुचवला होता. कल्पना सुंदर होती. परंतु तशा दोन पिचचे रॉड एंड बाजारात सहज मिळत नाहीत आणि एकूण वावही फार कमी उरतो, म्हणून ती सोडून दिली.

पहिल्या भेटीत मी दोन पर्यायांचे आराखडे नेले होते: एक सलग दांड्यातून कातलेला आणि दुसरा सीमलेस पाइपच्या दोन्ही टोकांत आटे असलेले तुकडे बसवून वेल्ड केलेला. दुसरा हलका होतो आणि त्याला साहित्यही कमी लागते. मालकांनी कागद पाहण्याआधी विचारले, की या दांड्यावर ओढ येते, दाब येतो की वाक येतो, आणि हा तुटला तर गाडी कुठे जाईल. मग वेल्डिंगचा आराखडा बाजूला ठेवून म्हणाले, "साहेब, इएन 24 ला असे वेल्डिंग नको. दिसायला झकास दिसेल, आणि एक दिवस काही न सांगता जाईल." कारण त्यांनी नीट समजावले. इएन 24 या मिश्र पोलादात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते, त्यामुळे वेल्डच्या शेजारचा पट्टा झपाट्याने थंड होताना कडक आणि ठिसूळ बनतो. आधी तापवणे, सावकाश थंड करणे आणि नंतर पुन्हा उष्णतोपचार हे सगळे नियंत्रणात करता आले नाही, तर तडा त्या पट्ट्यात सुरू होतो आणि रंगाखाली लपून राहतो. त्यांच्याकडे त्यासाठीची भट्टी नाही, म्हणून ते काम घेत नाहीत. ज्या शहरात "हो जायेगा" हे उत्तर बहुतेक प्रश्नांना मिळते, तिथे हा नकार मला अत्यंत मोलाचा वाटतो, आणि पुढचे सगळे काम त्यांनाच देण्याचा निर्णय मी त्या नकारावर घेतला.

साहित्य म्हणून कठिणीकरण करून आलेला इएन 24 टी दांडा घेतला. या अवस्थेत त्याची ताणशक्ती 850 ते 1000 मेगापास्कल असते आणि तरी तो लेथवर व्यवस्थित कातता येतो, त्यामुळे कातल्यावर पुन्हा उष्णतोपचार करून माप बिघडण्याचा धोका राहत नाही. दारुखान्यात (मुंबईतील भंगारबाजार) किंवा इतरत्र भंगारातून आलेला दांडा स्वस्त पडतो, हे खरे. पण कागद नसलेले पोलाद काय आहे हे रंगावरून ओळखता येत नाही. या गाळ्याने मिलचे चाचणी प्रमाणपत्र मागवले, दांड्यावरचा हीट क्रमांक (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) त्याच्याशी ताडून मला दाखवला आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर तोच क्रमांक पुन्हा ठोकला. गाड्यांची कामे करणाऱ्या मोठ्या दुकानांतही एवढी शिस्त मी पाहिलेली नाही.

आटे घालण्याचे काम वाखाणण्याजोगे झाले. डाव्या आट्यांचा टॅप अनेक ठिकाणी बोथट झालेला असतो, कारण तो क्वचित वापरला जातो. इथे त्यांनी नवा टॅप आणला आणि गो व नो-गो गेजने (आट्यांचे माप मर्यादेत आहे का ते दाखवणाऱ्या) माझ्यासमोर तपासून दिले. पोलादात रॉड एंडचा आट्याचा भाग व्यासाच्या निदान दीडपट, म्हणजे एम 14 साठी किमान 21 मिलिमीटर आत गेलेला असावा, असा नियम आम्ही ठेवला. त्या खोलीवर दांड्याला आडवे बारीक छिद्र पाडून घेतले आहे. छिद्रात तार घातली आणि ती आट्याला अडली, तर रॉड एंड पुरेसा आत आहे. आरपार गेली, तर तो धोकादायकरीत्या बाहेर आला आहे. हे छिद्र कोणत्याही अ‍ॅडजस्टेबल आर्मला असायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

खरी परीक्षा टेपर पिनची होती. चाकाच्या बाजूला मूळ लिंकचा बॉल जॉइंट निमुळत्या छिद्रात बसतो. तिथे रॉड एंड लावायचा, तर तसाच निमुळता खुंट कातून त्यावर रॉड एंड बसवावा लागतो. मालकांनी मूळ बॉल जॉइंट आणि सुटा हब कॅरियर (चाकाचे बेअरिंग धरणारा भाग) दोन्ही मागून घेतले. कातलेल्या पिनवर निळ्या मार्किंग रंगाचा पातळ थर देऊन ती छिद्रात फिरवली, रंग कुठे उठतो ते पाहिले, आणि जवळजवळ सर्व पृष्ठभागावर, त्यातही जाड बाजूला सलग स्पर्श मिळेपर्यंत कोन सुधारत गेले. टेपर केवळ टोकाला टेकला, तर नट कितीही आवळला तरी पिन छिद्रात कुरतडली जाते आणि मूठभर तुकड्यापायी महागडा कॅरियर वाया जातो.

याच पिनमध्ये त्यांच्याकडून एक दोष राहिला. टेपर संपून जिथे दांडी सुरू होते, त्या खांद्याला आराखड्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई स्पष्ट दाखवलेली होती. पहिल्या जोडीत तिथे धारदार कोपरा आला. अशा कोपऱ्यात ताण एकवटतो, आणि वारंवार उलटसुलट वाक सोसणाऱ्या भागाला तडा बरोबर तिथेच जातो. मी तो दाखवल्यावर वाद न घालता त्यांनी ती जोडी बाद केली, स्वखर्चाने नवी कातून दिली आणि बाद पिना चुकून कोणी वापरू नयेत म्हणून कापून टाकल्या. तरीही गुण कापावा लागतो, कारण ग्राहकाने स्वतः भिंग लावून पाहिले नसते, तर ती जोडी बाहेर गेली असती. काम हाती घेताना प्रत्येक खांदा आणि प्रत्येक गोलाई स्वतः तपासा, एवढा इशारा यातून पुरेसा आहे.

पिनच्या लांबीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण घरगुती आराखड्यांमध्ये धोका बहुधा इथेच असतो. गाडी खाली बसवल्यावर लिंकचा उतार बदलतो आणि चाक वरखाली होताना टो आपोआप बदलू लागतो, ज्याला बंप स्टिअर म्हणतात. तो घालवण्यासाठी रॉड एंड आणि कॅरियर यांच्यामध्ये स्पेसर घालून जोड उंच किंवा खाली सरकवतात. पण पिन एकाच बाजूने धरलेली असल्यामुळे स्पेसर जितका लांब तितका पिनवरचा वाक मोठा. लिंकमध्ये आठ किलोन्यूटन बळ धरले आणि जोडाचे केंद्र टेपरपासून 20 मिलिमीटरवर असले, तर 16 मिलिमीटर व्यासाच्या पिनमध्ये सुमारे 400 मेगापास्कल ताण येतो. तेच अंतर 35 मिलिमीटर केले, तर ताण 700 च्या जवळ जातो आणि इएन 24 टी कायमची वाकू लागण्याची मर्यादा साधारण 650 च्या आसपास आहे. म्हणून आम्ही 20 वर थांबलो आणि उरलेला थोडा बंप स्टिअर स्वीकारला. मालकांनी हा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या भेटीत पिन कुठे किती वाकेल याबद्दल स्वतःहून प्रश्न विचारले, याचे मला फार समाधान वाटले.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पोलाद एका पावसाळ्यातच गंजते, म्हणून दांड्यांना झिंक प्लेटिंग केले. प्लेटिंगचे काम गाळा बाहेर देतो. तिथे आग्रह धरावा लागतो तो भाजण्याचा: प्लेटिंगच्या वेळी अधिक ताणशक्तीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नंतर भार आल्यावर भाग अकस्मात तुटू शकतो, त्यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत भाग सुमारे 200 अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवणे. गाळ्याने ते लेखी मागितले आणि पावतीवर नोंदही आणली. टेपर पिनांना मात्र प्लेटिंग मुळीच केले नाही. तेल व ग्रीसवर त्या उत्तम राहतात आणि टेपरच्या स्पर्शात थराची जाडी येत नाही.

रॉड एंड या गाळ्यातून किंवा इतर कुठल्याही गाळ्यातून बनवून घेऊ नयेत. ते नामांकित कंपनीचे, टेफ्लॉनचे अस्तर असलेले आणि उष्णतोपचार केलेल्या मिश्र पोलादाचेच घ्यावेत, आणि धूळ-चिखलापासून वाचवणारी रबरी आवरणे (बूट) सोबत घ्यावीत. या कामात सर्वांत जास्त पैसे तिथे जातात, आणि ते जाऊ द्यावेत. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, माथ्यावर 10.9 ही मजबुतीची श्रेणी आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही ठळक असतील तेच उचलावेत, अनब्राको किंवा टीव्हीएससारख्या कंपनीचे सीलबंद खोक्यातून घ्यावेत आणि सुटे तोलून विकले जाणारे टाळावेत. 12.9 अधिक मजबूत म्हणून आपोआप चांगला, असे नाही. तो ठिसूळपणाकडे अधिक झुकतो आणि त्याला झिंक प्लेटिंग तर करूच नये.

पुढच्या स्ट्रटच्या माथ्यासाठी कॅम्बर प्लेटही याच गाळ्यात मिलिंग करून घेतली. माथ्यापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत 600 मिलिमीटर धरले, तर माथा साडेदहा मिलिमीटर आत सरकवल्यावर एक अंश कॅम्बर मिळतो. 7075 अ‍ॅल्युमिनियमची ताटली, त्यात गोलाकार बेअरिंगसाठी घट्ट मापाचे घर आणि वर सर्क्लिप, असे हे सरळ काम. ते चोख झाले आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खालचा आर्म दोन तुकड्यांत करून मध्ये शिम (पातळ चकत्या) घालण्याची पद्धत पॉर्शने स्वतः 996 आणि 997 च्या जीटी 3 मध्ये वापरली आहे. तसा आर्म मिलिंग करून मिळेल का, असे विचारल्यावर मालक म्हणाले की आकार जमेल, पण बॉल जॉइंटच्या घराची हमी देता येणार नाही. मीही आग्रह धरला नाही. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा बॉल जॉइंट हा कारखान्यात बनलेलाच असावा.

घरी माझ्या वाट्याला जुळणी आणि मोजमाप आले. सोसायटीच्या पार्किंगची जमीन पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरती असते, म्हणून गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी आधी जुळवली आणि कमी पडेल तिथे फरशीचे तुकडे घातले. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोर ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. 19 इंची चाकावर दहा मिनिटे टो म्हणजे या दोन मापांत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक. कॅम्बरसाठी ओळंबा पुरतो. बंप स्टिअर पाहण्यासाठी स्प्रिंग काढून चाक जॅकने टप्प्याटप्प्याने उचलावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर डायल गेजने टो नोंदवावा लागतो. हे काम कंटाळवाणे असले, तरी ते केल्याखेरीज स्पेसरचे माप ठरवणे म्हणजे अंदाजपंचे आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट लिहायला हवी. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. माझी गाडी केवळ ट्रॅकवर चालते आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकला किंवा कोईम्बतूरच्या करी स्पीडवेला फ्लॅटबेडवरूनच जाते. गाळ्याच्या मालकांनी बिलावर "फक्त बंदिस्त ट्रॅकवरील वापरासाठी" असे लिहून माझी सही घेतली, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी असे भाग ते बनवत नाहीत.

ट्रॅकवर फरक पहिल्या जोरदार ब्रेकिंगलाच जाणवला. मागची चाके आता कडेच्या उंचवट्यावरूनही आपली दिशा सोडत नाहीत, आणि टायरची झीज संपूर्ण रुंदीवर सारखी येऊ लागली आहे. रबरी बुश गेल्यामुळे आवाज आणि हादरे केबिनमध्ये वाढले आहेत. प्रत्येक सत्रानंतर लॉकनटवर रंगाने ओढलेल्या रेघा सरळ आहेत ना, ते पाहतो. हंगामाच्या शेवटी पिना काढून डाय पेनिट्रंटचा लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर वापरून तडे शोधतो. आजवर एकही रेघ सरकलेली नाही आणि पिनांवर तडा आढळलेला नाही.

तयार आयात संचाच्या तुलनेत खर्च निम्म्याहून कमी झाला, मात्र त्यात माझा स्वतःचा वेळ धरलेला नाही. वेळेच्या बाबतीत गाळा कमकुवत आहे: दिलेली तारीख पाळली गेली नाही, कारण कारखान्यांची मोठी कामे आली की एकट्यादुकट्याचे काम मागे पडते, आणि फोनवर नेमके उत्तर मिळत नाही. गणपतीच्या आधीचे आणि दिवाळीच्या तोंडचे आठवडे टाळावेत. चारचाकी उभी करायला जागा नाही, तेव्हा मेट्रोने जावे. सोबत मापांसह आणि टॉलरन्ससह कागदावर छापलेला आराखडा न्यावा. मोबाइलवरच्या छायाचित्रावरून ते काम घेत नाहीत. मूळ भाग नमुना म्हणून नेल्यास तो कापडात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून परत मिळतो. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते आणि उरलेली, गेज लावून भाग तपासून झाल्यावर.